फी माफ झाली त्या वर्षी

ताईला फार्मसीला जायचं होतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तिनं ते कधी लपवलं नाही. कुणी आजारी पडलं आणि घरात गोळ्या आल्या की खोक्यातला घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद ती उलगडून बसायची. त्यातलं निम्मं कळायचं नाही, तरी शेवटपर्यंत वाचायची. करमाडला रस्त्याला लागून एक मेडिकल होतं आणि त्याच्या मालकीणबाई स्वतः काउंटरमागं बसायच्या. त्या दुकानावरून जाताना ताई हटकून हळू चालायची.

आमचं गाव जालना रोडपासून थोडं आत आहे. घरी कापूस, थोडी मोसंबी. आबा शेंद्र्याच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला होते आणि शेत माय बघायची. आम्ही दोघीच बहिणी, ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बारावीला तिला चांगले मार्क पडले आणि शहराजवळच्या एका खाजगी कॉलेजात बी. फार्मसीला नंबर लागत होता. तेव्हा आमच्यासारख्यांची निम्मी फी सरकार भरायचं, निम्मी आपण भरायची. पण त्या वर्षी पाण्यावाचून मोसंबीची झाडं वाळली होती आणि कंपनीनंही आबांना बरेच महिने घरी बसवलं होतं. आबा एकटेच कॉलेजात जाऊन चौकशी करून आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "पोरी, आपल्याच्यानं नाय व्हायचं. निम्मीबी नाय परवडत."

ताई रडली नाही, भांडलीही नाही. करमाडला बीएला नाव घातलं आणि दुसरं वर्ष संपायच्या आत तिचं लग्न झालं. गंगापूरला दिली. दाजींचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्या ते भरून देतात. माणूस शांत, घर बरं. वर्षा-दीड वर्षात तिला मुलगी झाली. दिवाळीला माहेरी आली की ती माझी पुस्तकं चाळायची, पण फार्मसीचा विषय तिनं परत काढला नाही.

मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात फी माफीची बातमी आली. इंजिनिअरिंग, फार्मसी, वैद्यकीय अशा व्यावसायिक कोर्सना जाणाऱ्या मुलींची शिक्षणाची फी आणि परीक्षेची फी सरकार पूर्ण भरणार. घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असलं म्हणजे झालं. आमच्या कॉलेजच्या सरांनी ते ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'मुलींनी संधी सोडू नये.' माझे मार्क ताईएवढे नव्हते, पण फार्मसीला पुरेसे होते. खरं सांगायचं तर मला फार्मसीचं वेड नव्हतं. मला शहरात जायचं होतं आणि काहीतरी पक्कं शिकायचं होतं, एवढंच.

त्या दिवशी जेवताना मी आबांना बातमी सांगितली. आबांना ती कंपनीत आधीच कळली होती.

"फी माफ झाली, ते चांगलंच झालं," आबा म्हणाले. "पण जायचं-यायचं कसं?"

"बसनं. करमाडहून बस, पुढं रिक्षा."

"आन् बस चुकली तर? पावसाळ्यात अंधारून येतं लवकर."

"मग हॉस्टेल बघू."

"हॉस्टेलचं सरकार देत नाय." आबांनी भाकरी मोडली. "आन् चार वर्षं लागत्यात त्याला. तवर स्थळं थांबत नसत्यात. करमाडला बीएस्सी कर ना, घरून जाऊन-येऊन होईल."

मी मायकडं बघितलं. ती माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "माझा गुडघा बघितला ना? वेचणीला मी एकटीनं किती वाकू? तू घरी असलीस तर सुट्टीचा हात तरी भेटतो."

मायचं खोटं नव्हतं. तिचा गुडघा खरंच सुजलेला असायचा. म्हणून मला तिच्याशी भांडताही येईना. मी ताट उचललं आणि मागच्या अंगणात जाऊन ताईला फोन लावला.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आबा काय म्हणाले, शब्दन् शब्द सांग."

मी सांगितलं.  मग ती म्हणाली, "उद्या येते मी."

गंगापूर हे शहराच्या त्या अंगाला, आम्ही या अंगाला. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीला कडेवर घेऊन ताई दारात उभी राहिली. जीप, मग बस, मग रिक्षा, घामानं डबडबलेली. माय म्हणाली, "अगं, कळवायचं तरी." ताईनं हातपाय धुतले, पोरीला वरण-भात भरवला, तिला झोपवलं. आबा कंपनीतून येईपर्यंत ती या विषयावर एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, आता भांडण होणार. 

आबा आले, चहा झाला. ताई त्यांच्यासमोर खाली बसली.

"आबा, मला तुम्ही सांगितलं होतं की फी परवडत नाही."

"व्हय. नव्हतीच परवडत."

"नव्हती. मला माहीताय. कंपनीचं काम बंद होतं, बाग वाळली होती, मी डोळ्यानं बघितलंय. म्हणून मी काही बोलले नाही. सासरी कुणी विचारलं, का नाही शिकलीस, तर मी सांगते, आमच्या आबांची लई इच्छा होती, पण फी नव्हती." तिनं माझ्याकडं बोट केलं. "आता हिची फी नाही लागणार. तरी तुम्ही हिला नाही म्हणालात, तर मग माझ्या वेळचं काय खरं, आबा? मी लोकांना काय सांगू?"

 माय म्हणाली, "तवा खरंच नव्हते गं पैसे."

"तेच म्हणते मी, माय. ते खरं होतं. ते खरंच राहू द्या."

ताईचा आवाज चढला नव्हता. भाजी किती शिजली हे सांगावं तसा तो होता. पण मी आबांच्या चेहऱ्याकडं बघू शकले नाही. ते उठले, पायात चप्पल सरकवली आणि मळ्याकडं गेले. अंधार पडल्यावर परत आले आणि गुपचूप जेवले.

ताई तिथंच राहिली. तिच्या सासूबाईंचा फोन आला, कधी येणार म्हणून. ती म्हणाली, "इथलं काम आहे आत्या, झालं की येते." आबा कंपनीत जात होते, येत होते, आम्हा दोघींशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. मला वाटलं, विषय संपला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी दाढी करता करता आबांनी आरशातूनच विचारलं, "कागदं काय काय लागत्यात?"

ताईनं चुलीवरचं दूध उतरवलं आणि म्हणाली, "उत्पन्नाचा दाखला आधी काढा. बाकीचं मी बघते."

प्रवेशाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. आबा, ताई आणि मी. बीड बायपासच्या पुढं ते कॉलेज. माझा नंबर प्रवेशाच्या सरकारी फेरीतून लागला होता, कागद पूर्ण होते. खिडकीतल्या माणसानं ते तपासले आणि म्हणाला, "ठीक आहे. फी आज भरून टाका. शासनाकडून आली की तुमच्या खात्यावर परत करू."

"माफ हाय ना?" आबा म्हणाले.

"माफच आहे काका. पण शासनाचे पैसे यायला वेळ लागतो. तोवर कॉलेज कसं चालवायचं? सगळेच भरतायत."

मी आबांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला. आबा आता खांदे पाडून मागं वळणार, असं मला वाटलं. ताईनं बोलायला तोंड उघडलं, पण आबांनी तिला हातानं थांबवलं.

"साहेब, सरकार तुमाला देणार हाय का मला?"

"कॉलेजला."

"मग तुमी सरकारकडं मागा. मी मधी कशाला? एकदा या फीपायी एका पोरीला घरी बसवलंय मी. दुसऱ्यांदा नाय बसवत. मी इथं बसतो. पोरीचं नाव लिहून घ्या, मग उठतो."

आणि ते खरंच समोरच्या बाकावर जाऊन बसले, मांडी घालून, एसटीची वाट बघत बसावं तसे. खिडकीतला माणूस आधी हसला, मग वैतागला. रांगेत पाचोडहून आलेल्या एक बाई होत्या, मुलीला घेऊन. त्यांनाही तेच सांगितलं गेलं. त्या पदर सावरत आल्या आणि आबांच्या शेजारी बसल्या. "भाऊ, मीबी बसते," म्हणाल्या. त्यांच्यामागून आणखी एक बाप आला. दुपारपर्यंत तो बाक भरला आणि काही जण भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी आवाज चढवला नाही. पाचोडच्या बाईंनी डबा उघडून सगळ्यांना दशम्या वाटल्या, खिडकीतल्या माणसालाही एक दिली. त्यानं ती घेतली.

जेवणानंतर प्राचार्य मॅडम बाहेर आल्या. कुणाला तरी फोन करून आल्या असाव्यात. त्यांनी सगळ्यांचे कागद बघितले आणि सांगितलं की शिक्षणाची आणि परीक्षेची फी घेणार नाही, शासनाच्या संकेतस्थळावर मुलींनी वेळेत अर्ज भरायचा. लायब्ररी, ओळखपत्र वगैरे बाकीची फी मात्र भरावी लागेल.

"ती भरतो," आबा उठत म्हणाले. "ती माझी हाये."

बसमध्ये परत येताना ताई खिडकीशी बसली होती. तिनं माझ्या हातातली पावती घेतली, वाचली आणि परत दिली. "फार्मास्युटिक्स म्हणजे काय शिकवतात, ते मला सांगशील," एवढंच म्हणाली. मला तेव्हा आनंदापेक्षा अवघडल्यासारखंच जास्त झालं. तिच्या जागेवर मी बसले आहे असं वाटत होतं, आणि ती मात्र तसं काही दाखवत नव्हती.

पहिलं वर्ष मला जड गेलं. सगळं इंग्रजीत. वर्गात अर्ध्या मुली आमच्यासारख्या बसनं येणाऱ्या. एकदा सूचनाफलकावर आमच्या अर्जांची यादी लागली तेव्हा मागं एक मुलगा म्हणाला, "ये सब फुकटवाले हैं." वर्ग हसला. पाचोडच्या त्या बाईंची मुलगी माझ्याच बाकावर बसायची. ती मागं वळली आणि म्हणाली, "तुझी फी तू कमावून भरतोस का रे? तुझे पप्पाच भरतात ना? मग तूपण फुकटवालाच."  नंतर त्याच मुलानं आमच्याकडून जर्नल मागून नेलं.

ताईचा फोन रविवारी यायचा. आधी मला वाटायचं, अभ्यास करते की नाही ते बघायला करते. पण तिला खरंच सगळं ऐकायचं असायचं. गोळी कशी दाबतात, सिरप खाली का बसतं, एकाच औषधाला दोन नावं का असतात. मला सांगता आलं नाही की म्हणायची, "मग वाचून ठेव, पुढच्या रविवारी सांग." पहिल्या सत्रात माझा एक विषय राहिला, रसायनशास्त्र. तिला सांगायचं म्हणून मी तो परत वाचला आणि दुसऱ्या वेळेला निघाला.

एका रविवारी तिनं विचारलं, "डिप्लोमाला कुणी मोठं घेतात का? लग्न झालेलं?"

मी कॉलेजातल्या एका मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, बारावी सायन्स पाहिजे, वयाचं काही नाही. दोन वर्षांचा डी. फार्म. झाला की औषधाचं दुकान टाकता येतं. आणि माफी तिलाही लागू होईल, उत्पन्नाच्या मर्यादेत बसली तर. गंगापूरकडून शहराकडं येताना रस्त्यावरच एक डिप्लोमा कॉलेज होतं. ताईनं तिकडची चौकशीही करून ठेवली होती. अडत होतं ते सासूबाईंपाशी.

हे आबांना मी सांगितलं. ते पुढच्या सुट्टीला मला घेऊन गंगापूरला निघाले. पिशवीत मोसंबी घेतली. लेकीच्या सासरी जाऊन काही मागायची त्यांना सवय नव्हती. जीपमध्ये रस्ताभर ते पिशवी मांडीवर धरून बसले होते.

चहा झाल्यावर आबांनी विषय काढला. "विहीणबाई, हिला मी एकदा नाय म्हणलो होतो. तवा माझ्याजवळ पैसे नव्हते. आता पैशाचं कारण नाय. तुमचं दुसरं काय असलं तर सांगा. मी आइकतो."

सासूबाईंनी लेकराचं बघितलं पाहिजे, घराचं बघितलं पाहिजे, असं बरंच सांगितलं. आबा मान हलवत राहिले, मधे बोलले नाहीत. शेवटी त्या म्हणाल्या, "खरं सांगू का भाऊ? ही शिकली की शहरात राहायचं म्हणंल. आन् माझं पोरगं हिच्यामागं जाईल. मी या घरात एकटी काय करू?"

 ताई सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली. "आत्या, तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलं? मेडिकल टाकायचं तर मला इथंच टाकायचंय. यांच्या दुकानाशेजारचा गाळा रिकामा आहे, तो मी बघून ठेवलाय."

"कधी बघितला?" दाजींनी विचारलं. त्यांना तर पत्ताच नव्हता.

"तुम्हाला डबा द्यायला येते ना, तेव्हा."

दाजी हसले. "कॉलेजात सोडायला गाडी हाय माझ्याकडं," ते म्हणाले. "पण स्वयंपाक मला जमत नाय, ते आत्ताच सांगतो."

"तो मी करते," सासूबाई म्हणाल्या. त्या खूश होऊन म्हणाल्या नाहीत, पण म्हणाल्या.

ताईनं प्रवेश घेतला. वर्गातल्या पोरी तिला पहिल्या दिवशी मॅडम समजून उभ्या राहिल्या. मग तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून काकू म्हणायला लागल्या. तिनं त्यांना ताई म्हणायला लावलं.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. हिवाळ्यात भाचीला टायफॉइड झाला. ताईची हजेरी कमी भरली, प्रॅक्टिकल बुडाली. सासूबाई म्हणाल्या, "पुरे आता, लेकराकडं बघ." ताईनंही मनातून सोडून दिलं होतं. तिनं मला फोन करून सांगितलं, "माझं राहू दे. झालं तेवढं बास." तिचा आवाज मला ओळखू येईना. मी कॉलेजला दांडी मारली आणि वह्या घेऊन गंगापूरला गेले. तिला समजावायला माझ्याकडं शब्द नव्हते. मी फक्त भाचीच्या उशाशी बसून शरीररचनाशास्त्राचं पुस्तक उघडलं आणि हृदयाचा धडा मोठ्यानं वाचायला लागले. चुकीचं वाचलं की ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "डावा कप्पा आहे तो, उजवा नाही." तिसऱ्या वेळेला ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्या हातातून पुस्तक घेतलं.

मी तिथं आठवडाभर राहिले. भाची बरी झाली. कॉलेजनं बुडालेली प्रॅक्टिकल सुट्टीच्या दिवशी करून घेतली. ताई पहिल्या वर्षाला पास झाली. रसायनशास्त्रात काठावर, बाकीचे चांगले.

आबांचं नाव गावात झालं. कुणाच्या पोरीचा नंबर लागला की बाप आबांकडं येतो, कोणते कागद, कोणती खिडकी ते विचारायला. सगळ्याच पोरी जातात असं नाही. आमच्या शेजारच्या मुलीचा नंबर इंजिनिअरिंगला लागला होता. तिच्या वडिलांनी आबांकडून सगळं नीट समजून घेतलं, आभार मानले, आणि पुढच्याच महिन्यात तिचं लग्न उरकलं. आबा लग्नाला गेले, जेवून आले. घरी आल्यावर म्हणाले, "जवाई शिकवतो म्हणलाय." ते खरं होईल की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. माय आता वेचणीला बाया लावते आणि मजुरीवरून कुरकुरते. गुडघ्याला पट्टा बांधते.

मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. ताईला वाटतं, मी पास झाले की दोघींनी मिळून गंगापूरला मेडिकल चालवावं. मला तिथं बसायचं नाही. मला औषधं बनवणाऱ्या कंपनीत जायचंय, जिथं गोळ्यांची तपासणी होते त्या खोलीत. ताई म्हणते, तुला दुकानाची किंमत नाही. मी म्हणते, तुला कंपनी माहीत नाही. दाजी म्हणतात, आधी दोघी पास व्हा. परवाही यावरून आमचं फोनवर भांडण झालं, आणि या वेळी फोन मी आधी ठेवला.